दोन बेडकांसाठी कॉम्प्युटर

३ जुलै, शुक्रवार. रात्री ९.
निर्णय झाला. गेमिंग कॉम्प्युटर स्वतः बनवणार. तयार विकत घेणार नाही. बनवणार! सुटे भाग निवडायचे, जोडायचे, बटण दाबायचं. संपला विषय.

कारण असं की मुंगी दोन ऑगस्टला हॉस्टेलवर चालली शिकायला. मुंगी म्हणजे आमची लेक. लहानपणी साखरेचा डबा तिच्यापासून लपवून ठेवावा लागायचा, तेव्हापासून हेच नाव. ती सात वर्षांची असताना आम्ही दोघं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बेडकांचा गेम खेळायचो. एका दोरीला बांधलेले दोन बेडूक. एकाने उडी मारायची, दुसऱ्याला ओढून घ्यायचं. मी मोठा बेडूक. त्या गेमचा दुसरा भाग आता आलाय, पण जुन्या डब्यावर तो उघडतसुद्धा नाही, नुसता गरगरतो. म्हणून जेवताना जाहीर केलं की मुंगी जायच्या आत नव्या कॉम्प्युटरवर आपण दोघांनी अख्खा गेम संपवायचा. इतकी खूश झाली की न सांगता भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

बायकोने विचारलं, तुम्हाला जमेल का. काय प्रश्न आहे! लिफ्टच्या कंपनीत अठरा वर्षं स्टोअरकीपर आहे मी. नट, बोल्ट, बेअरिंग, रोलर. सुट्या भागांत हयात गेली. बजेट चाळीस हजार, वर एक पैसा नाही. वेळ महिना. खरं तर आठवडा पुरे.

४ जुलै, शनिवार.
मुंगीने पाच मिनिटांत यादी करून दिली. आठ ओळी. पाच मिनिटांत केलेल्या यादीवर काय विश्वास ठेवायचा? कौतुक केलं, ड्रॉवरमध्ये ठेवली. स्वतंत्र रजिस्टर उघडलं. लाल पेनने रकाने आखले. रकाने फार सुरेख आलेत. आज एवढंच.

७ जुलै, मंगळवार.
अभ्यास जोरात. नवीन शब्द शिकलो: बॉटलनेक. म्हणजे एक भाग ढिम्म असला की बाकीचे सगळे त्याची वाट बघत बसतात. असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्याकडे कोण, ते मी अजून शोधतोय.

१० जुलै, शुक्रवार.
प्रोसेसरवर चौदा व्हिडिओ पाहिले. पहिल्या व्हिडिओतला माणूस म्हणतो डोळे मिटून घ्या. नवव्या व्हिडिओत तोच माणूस म्हणतो, मी डोळे मिटून घेतला आणि फसलो. तेव्हा घाई नको.

मुंगीने विचारलं, ठरलं का. तिला समजावलं की पी हळद आणि हो गोरी असं नसतं. ती म्हणाली, नसतं ते कळतं बाबा, पण तेवीस दिवस राहिलेत. आकडेमोड चांगली आहे तिची.

११ जुलै, शनिवार.
पहिली खरेदी! कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा. बाजूला काच, पुढे तीन पंखे, मागे एक, चारही रंगीबेरंगी उजळणारे. बजेटचा पाव भाग गेला, पण गेमिंगमध्ये प्रकाशाला महत्त्व आहे. दुकानदाराने विचारलं, आत बसणारा मदरबोर्ड कुठला घेणार. म्हटलं, बघू मागाहून. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. बहुतेक माणूस जाणकार दिसतोय असं त्याला वाटलं असावं.

घरी बायको म्हणाली, आधी कळस मग पाया. तिला स्टोअरचा नियम ठाऊक नाही. आधी रॅक, मग माल.

पंखे अजून लागत नाहीत, आत वीज पोचवणारं काहीच नाही. मुंगीने मागून मोबाइलचा टॉर्च धरला. पाच मिनिटं आम्ही दोघं नुसते बघत बसलो. झकास दिसतं.

१५ जुलै, बुधवार.
ऑफिसात ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ बघताना साहेबांनी पकडलं. म्हटलं, पुरवठादारांची तुलना चालू आहे. साहेब खुर्ची ओढून बसले ते चाळीस मिनिटं उठले नाहीत. त्यांचं मत पडलं की थांबावं, किमती उतरणार. उगाच नाही माणूस साहेब होत. थांबतो.

१९ जुलै, रविवार.
किमती चढल्या. हा माणूस साहेब झालाच कसा?

२२ जुलै, बुधवार.
मुंगी म्हणाली, रविवारी आपण दोघं दुकानात जाऊ, मी निवडायला मदत करते. म्हटलं, संशोधन शेवटच्या टप्प्यात आहे, मध्येच हात घालू नकोस. बरं म्हणाली आणि आईबरोबर बॅग घ्यायला गेली. बॅग केवढी मोठी आणली आहे! अख्खं कपाट मावेल. चार महिन्यांनी सुट्टीला यायचंच आहे, एवढी मोठी कशाला?

२५ जुलै, शनिवार.
यादी पूर्ण! बावीस दिवसांची तपश्चर्या. सहज म्हणून ड्रॉवरमधली मुंगीची यादी काढून ताडून पाहिली. योगायोगाने सगळे भाग तेच निघाले. म्हणजे पोरीला उपजत समज आहे, आणि ती कुणाकडून आली हे सांगायला नको.

तिच्या यादीत शेवटी लिहिलं होतं: पेस्ट, चांगल्यातली. व्हिडिओवालेही सारखे पेस्ट पेस्ट करत असतात. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर लावतात. बायको वाणसामान आणायला निघालीच होती. तिला सांगितलं, एक पेस्ट आण, चांगल्यातली. लगेच घेऊन आली. प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायचा नसतो.

२६ जुलै, रविवार.
सगळा माल घेतला. मुंगीला नेलं नाही, सरप्राइज. मदरबोर्ड मोठ्यातला मोठा मिळाला, सवलतीत. दुकानदाराने विचारलं, कॅबिनेटमध्ये बसेल ना. म्हटलं, ऐसपैस आहे.

दुपारी ४. बसत नाही. दोन बोटं बाहेर राहतो.

दुपारी ५. तिरका करूनही बसत नाही.

२७ जुलै, सोमवार.
अर्धी रजा टाकली. दुकानदाराने बोर्ड बदलून लहान दिला. वर म्हणाला, मी विचारलं होतं. विचारलं होतं हे खरं आहे. पण ठामपणे विचारलं नव्हतं.

२८ जुलै, मंगळवार.
जोडणीचा शुभारंभ. प्रोसेसर बसला! मग पेस्ट. व्हिडिओत राखाडी असते, आपली पांढरी, वर निळे पट्टे. म्हणजे वरच्या दर्जाची. ट्यूबवर ठसठशीत लिहिलंय: बारा तास थंडावा. मी दिवसाला दोन तास खेळणार, म्हणजे दहा तास शिल्लक. वाटाण्याएवढी लावायची असते. आमच्या स्टोअरचा रिवाज वंगण सढळ हाताने लावायचा, म्हणून दोन वाटाण्यांएवढी लावली. खोलीभर कसं प्रसन्न वाटतंय.

मुंगीने बाहेरून विचारलं, मदत हवी का. म्हटलं, तू आपली बॅग भर.

२९ जुलै, बुधवार.
जोडणी संपली. पाच स्क्रू उरले. रजिस्टरमध्ये स्पेअर म्हणून जमा केले.

३० जुलै, गुरुवार.
बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं, काही नाही. घरातल्या विजेचा दाब कमी असावा. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला दाबातलं काही कळत नाही. मुंगी कपड्यांची घडी हातात घेऊन आली, कॅबिनेटच्या मागचं एक बारीक काळं बटण दाबलं आणि घडी घेऊन गेली. पंखे लागले! लाल, हिरवे, जांभळे! ते बटण मी दाबणारच होतो. क्रमाने चाललो होतो.

अर्धा तास डोळे भरून पाहिलं. मग लक्षात आलं की गेम दिसणार कुठे? मॉनिटर रजिस्टरमध्ये नाही. माझे रकाने फक्त डब्याच्या आत काय जातं त्याचे होते. जुना मॉनिटर जोडायला गेलो तर त्याची पिन याला बसत नाही. बजेट तर मागच्या रविवारीच संपलं.

३१ जुलै, शुक्रवार.
हॉलमधला टीव्हीच जोडला. बायकोने उद्या रात्रीपर्यंत दिलाय, एका अटीवर: काचेवर बोटं उमटता कामा नयेत. गेम डाउनलोडला लावला. अठ्ठावीस टक्के. टक्के एकेक करून चढतात. मध्ये मध्ये जाऊन हिंमत देतो.

उद्या खेळायचंच. उद्याचा दिवस आहे अजून.

१ ऑगस्ट, शनिवार.
बरोबर पाचला बसलो. एकच कीबोर्ड. डावीकडची अक्षरं मुंगीची, उजवीकडचे बाण माझे. खांद्याला खांदा लागत होता, आता तिचा खांदा माझ्याएवढा उंच आहे. बेडूक आले. तेच आपले बेडूक, फक्त गुबगुबीत झालेत. मी उडी मारली, ती ओरडली, बाबा दोरी, दोरी! आणि तिने मला दरीतून ओढून घेतलं. काय सांगू, अकरा वर्षांपूर्वीसारखीच ओरडते.

चार मिनिटांनी कॉम्प्युटर बंद. आपोआप. परत चालू केला, परत चार मिनिटं. तिसऱ्यांदा तेच. आणि हॉलमध्ये दरवळ. बायको आतून म्हणाली, आत्ता कोण दात घासतंय.

मुंगीने काच काढली, वाकून वास घेतला, बोटाने चाचपलं आणि विचारलं, बाबा, हे काय लावलंय? मी ट्यूब दाखवली. बारा तास थंडावा, तिथे बोटही ठेवलं. ती फरशीवर बसून हसायला लागली. हसता हसता पालथी पडली. बायको आली, तिने ट्यूब पाहिली आणि तीही बसली. घरात दोन बायका फरशीवर आणि मी ट्यूब धरून उभा.

मग मुंगीला रडू आलं. म्हणाली, बाबा, मी पहिल्याच दिवशी यादी दिली होती. आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, बॅगेतली धूळ गेली. नव्या बॅगेत बरीच धूळ असते, मी ऐकलंय.

एकूण बारा मिनिटं खेळलो. गेममधला पहिला पूलसुद्धा ओलांडायचा राहिला. दुकान शनिवारी पाचलाच बंद होतं, आणि तिची बस सकाळी सातची.

२ ऑगस्ट, रविवार.
बसमध्ये बॅग मी चढवली. जड होती. मुंगी खिडकीतून हात हलवत होती, मी ड्रायव्हरला रस्ता नीट आहे ना विचारत होतो, तेवढ्यात बस सुटली.

येताना दुकान उघडायची वाट बघून पेस्ट घेतली. दोन्ही.

५ ऑगस्ट, बुधवार.
जुनी पेस्ट पुसून खरी लावली. आता अजिबात बंद पडत नाही. तीन तास चालवला, निव्वळ तपासणी म्हणून. एका सेकंदाला साठ चित्रं, एकही कमी नाही. बेडकाच्या पाठीवरचे चामखीळसुद्धा मोजता येतात. शेजारी लहान बेडूक नुसता उभा असतो, त्याला ओढत न्यावं लागतं.

मुंगीचा फोन आला. तो गेम म्हणे तिच्या कॉलेजने दिलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. छान चालतो म्हणाली. चालत असेल, पण चामखीळ दिसत नसणार. आता दोघं दोन गावांत बसूनही खेळता येईल, इंटरनेटवरून. शनिवार, संध्याकाळी ८, नक्की. तिनेच ठरवलं. मी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं.

८ ऑगस्ट, शनिवार.
७.३०. सगळं तयार. बायकोने न मागता टीव्ही सोडला, वर काचही पुसून दिली.

८.००. बसलो. मोठा बेडूक निवडला. स्क्रीनवर लिहून आलं: दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत.

८.१०. वाट पाहत आहोत. हॉस्टेलचं इंटरनेट ते, लागणारच वेळ.

८.२५. मुंगीचा मेसेज. बाबा, खोलीतल्या सगळ्या जेवायला बाहेर चालल्यात, मलाही चल म्हणतायत, पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलंय. मी जाऊ का? आपण उद्या खेळलं तर चालेल?

लगेच कळवलं: जा, जा, बिनधास्त जा. इकडे तसंही अपडेट चालू झालंय, तासभर तरी काही हलत नाही.

८.४०. अपडेट वगैरे काही चालू नव्हतं.