टँकरचा ठरलेला दर

देवास, ८ मे

प्रिय नीलेश,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "ताई, बाद में बात करता हूँ" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. मराठी वाचायचा तुला कंटाळा. हे धारला पोचलं की तुझ्या अवंतीकडून वाचून घे, लग्नाआधी ती मराठी शाळेतच शिकली आहे.

मार्चमध्ये पाण्याचा टँकर बाराशेवर गेला, तेव्हा कॉलनीतल्या बायकांना घेऊन कलेक्टरकडे तक्रारींच्या जनसुनवाईत मीच गेले होते. सहाशेचा सरकारी दर बांधून आणला, तर बायकांनी मला हार घातला. वीस वर्षं अकरावीला अर्थशास्त्र शिकवते आहे. खर्चाच्या खाली दर बांधला की माल बाजारातून नाहीसा होतो, हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. स्वतःच्या गल्लीत मात्र विसरले, कारण पाणी मलाही स्वस्तच हवं होतं. आठवड्याभरात टँकर दिसेनासे झाले. समोरची दुर्गा रोज विचारते, "मॅडम, रेट तो आ गया, पानी कब आएगा?" हापशावरून कळशा वाहून तिची कंबर धरली आहे. मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

मागे एकदा फोनवर हे सांगितलं, तर तू हसलास. "परवडत नाही तिथे कोण विकेल, हे तूच शिकवलंस ना," म्हणालास. खरं आहे. डिझेल, भरायच्या रांगेत जाणारा वेळ, ड्रायव्हर उमाशंकरचा पगार, सगळं धरून फेरीला साडेसातशे लागतात, हे मला मान्य आहे. पण तू धारला राहत असलास तरी इथल्या सरकारी टाकीवर टँकर भरायचा परवाना तुला वस्त्यांना पाणी द्यायच्या अटीवर मिळाला आहे. शनिवारी तुझा टँकर लग्नं लागतात त्या मॅरेज गार्डनच्या हिरवळीवर रिकामा होताना मी पाहिला. मला बघून उमाशंकरने मान खाली घातली. मला तुझा फार राग आला, अजूनही आहे.

मंगळवारी मी पुन्हा जनसुनवाईत जाते आहे. सहाशेचा दर चुकला, तो आठशे करा, हे त्याच बायकांसमोर सांगणार आहे. शिव्या बसल्या तरी चालतील. शिवाय अट मोडणाऱ्या टँकरचे नंबर देणार आहे. अर्ज लिहून झाला आहे, आणि पहिला नंबर तुझ्या टँकरचा आहे. तो मी खोडणार नाही. तू आलास आणि आपल्या तोंडाने कबूल केलंस, तर परवाना कदाचित वाचेल. माझ्या शेजारी उभा राहा. तुला आधी कळवावं, बहीण म्हणून एवढंच माझ्या हातात होतं, म्हणून लिहिलं. येताना टँकर भरून दुर्गाच्या दारात लाव. नवा दर होईपर्यंत सहाशेच मिळतील.

तुझीच,
कल्पनाताई