रेश्मा सांगलीला का दिली

३ नोव्हेंबर, सोमवार. सातारा

बापूसाहेबांकडे आमच्या महिला हॉकी संघाच्या समितीची बैठक. ते अध्यक्ष, घरही त्यांचं. चहा यायच्या आधीच विषय निघाला, म्हणजे सगळं आधी ठरलेलं. रेश्मा सांगलीच्या संघाला द्यायची, बदल्यात त्यांची बचावातली फुलबॅक नंदा घ्यायची. लीगच्या नियमाप्रमाणे अदलाबदल महिनाअखेरपर्यंत करता येते.

गेल्या वर्षीच्या निवडीत पहिली पाळी आमची होती, कारण आदल्या हंगामात आम्ही तळाला. सगळ्या नव्या पोरींमधून आम्ही पहिलं नाव घेतलं ते रेश्माचं. मी भांडून घ्यायला लावलं होतं. माण तालुक्यातल्या एका वाडीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, तेव्हा सतराची. आज अठराची आहे. अठराव्या वर्षी माणसाचा निकाल लावणारे हे कोण?

म्हटलं, कारण सांगा. बापूसाहेब म्हणाले, "सुभेदारांना विचारा." सुभेदार आमचे प्रशिक्षक, फौजेतून निवृत्त. कपाकडे बघत म्हणाले, "मॅडम, टीम बसत नाही."

हे कारण नव्हे. हा उसासा झाला.

मतदान पुढे ढकलायला लावलं. १६ ला पुन्हा बैठक. तेरा दिवस आहेत. पुरेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

मुद्दे काढायला बसले. सात पानं झाली. अठरा वर्षांची वीज देऊन सत्तावीस वर्षांची भिंत घ्यायची, हा व्यवहार शहाणपणाचा कसा, इथून सुरुवात. मुलाला दोन हंगाम देतात, मुलीला एकही पुरा देत नाहीत, हा मधला भाग. शेवट अजून सापडत नाही. सापडेल. शेवटाशिवाय मी कधी उभी राहिले नाही.

बापूसाहेबांचा फोन. "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका, खेळ आहे." याच माणसाने गेल्या वर्षी जीपवरून तिची मिरवणूक काढली होती.

९ नोव्हेंबर, रविवार

न कळवता पहाटे मैदानावर गेले. थंडी लय, शाल विसरले. आपसातला सामना चालू होता. सुभेदार म्हणाले, "बरं झालं आलात. मी काय बोलत नाही. तुम्हीच बघा."

अर्धा तास बघितलं. रे. पळते सुंदर. मोकळ्या जागेत जाते, स्टिक जमिनीवर टेकवून चेंडू मागते. चेंडू पलीकडे जातो. पुन्हा पळते, पुन्हा मागते. चेंडू मागे जातो, आडवा जातो, कुठेही जातो. भांडण नाही, टोमणा नाही. पाणी प्यायला थांबल्या तर तिला पहिली बाटली दिली. एकीने तिच्या पायाच्या पॅडचा पट्टा बसून नीट करून दिला. फक्त चेंडू नाही.

"ओरडलो की दोन पास देतात," सुभेदार म्हणाले. "मग परत तेच. हुकमानं पास निघत नाही, मॅडम. फौजेत पण निघत नव्हता."

"मग त्या दहाजणींना शिस्त लावा."

"लावली. त्या पाच मिनिटं आधी येतात आता."

चिडून परत आले. मुद्द्यांत भर घातली: मत्सर. गाव असो की संघ, पुढे जाणाऱ्या मुलीला मागे ओढणारे हात तिच्याच वयाच्या मुलींचे असतात. हे वाक्य चांगलं झालंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

छाया येऊन गेली. आमची कप्तान, रहिमतपूरची, औषधांच्या दुकानात काम करते, तिथूनच परस्पर आली. कालचा मत्सराचा मुद्दा मी तिला तोंडावर ऐकवला. शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली, "मॅडम, कोरेगावचा सत्कार आठवतो का?"

कुठला कुठला आठवायचा? निवड झाली आणि पहिला सामना व्हायच्या आत म्हसवड, दहिवडी, कोरेगाव, रहिमतपूर, फलटण, दोन पतसंस्था, तीन गणेश मंडळं, तिची शाळा. शाल, श्रीफळ आणि प्रमुख वक्त्या मी.

"आमाला गाडी करून नेलं होतं. पुढं सतरंजीवर बसवलं. तुमी म्हणाला, बाकीच्या दहाजणींनी एकच काम करायचं, चेंडू हिच्यापर्यंत पोचवायचा. कप ही आणणार. टाळ्या लय पडल्या. आमी पण वाजवल्या."

म्हटलं, भाषणात माणूस बोलतो तसं.

"व्हय की. पण आमी चार वर्षं खेळतोय. हरलो, तरी आमी हरलो. तुमच्या भाषणात आमी नव्हतोच."

"म्हणून पोरींनी ठरवून चेंडू बंद केला?"

"न्हाई ओ मॅडम. ठरवून केलं असतं तर ठरवून थांबवलं असतं. माझंच बघा. ती डावीकडं मोकळी दिसते, आणि माझी स्टिक उजवीकडं जाते. मग मलाच राग येतो."

चहा न घेता गेली. दुपारचं दुकान परत उघडायचं होतं म्हणाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जुन्या भाषणांची टिपणं काढली. कोरेगावचं सापडलं. वाक्य आहे. छायाने एक शब्दही वाढवलेला नाही. खाली दोनदा रेघ, पुढे कंसात माझ्याच अक्षरात: इथे थांबणे.

म्हणजे टाळ्यांसाठी जागा सोडली होती.

तीस वर्षं व्यासपीठावरून व्यक्तिपूजेविरुद्ध बोलतेय. पुढाऱ्यांच्या समोर बोलले, त्यांच्याच मांडवात बोलले. एका गावात माईक काढून घेतला तर माईकशिवाय बोलले. आणि एका सतरा वर्षांच्या पोरीला मीच उचलून मखरात ठेवलं. तिने अजून एक गोलही केला नव्हता.

हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला नाकारता येणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रे.ला खोलीवर जाऊन भेटले. दोन मुलींत एक खोली, भिंतीला सगळी सन्मानचिन्हं ओळीने. खिडकीही त्यांनी अर्धी झाकलीय. म्हणाली, "टाकायची कुठं? नाव घातलंय त्यावर."

खेळाचं विचारलं. एक सन्मानचिन्ह ओढणीने पुसत राहिली. मग, "सर सगळ्यांवर ओरडत्यात, माझ्यावर न्हाई. मला म्हणत्यात, होईल हळूहळू. माझं चुकतंय हे मला कळतं. काय चुकतंय ते कळत न्हाई."

"सांगलीला जाशील?"

"तुमी म्हणाल तसं."

संतापले. म्हटलं, "मी म्हणेन तसं कशाला? तुला काय पाहिजे ते बोल." तिने मान खाली घातली. जिना उतरत होते तेव्हा वरून म्हणाली, "मॅडम, मला निस्तं खेळायचंय."

सात पानं फाडली. शेवट त्यात नव्हताच.

सुभेदारांना फोन केला. सरळ विचारलं, संघ इथेच सुधारणार नाही का? म्हणाले, "सुधारेल, दोन वर्षांत. तोवर पोरगी दर सामन्यात बाविसाव्या मिनिटाला बदली होऊन बाहेर बसायला शिकेल. सांगलीला तिचं काय ठाऊक नाही. तिथं ती अकरातली एक. आणि नंदा आली तर आमचं गोल खाणं थांबेल. दोन्हीकडं फायदा, मॅडम. मी तुमच्या पोरीला फेकत नव्हतो."

हेच त्यांनी तीन तारखेला का सांगितलं नाही? कारण मी समोर बसले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

बैठक. अदलाबदलीच्या बाजूने हात वर केला. बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

अटी घातल्या. निरोप समारंभ नाही, फ्लेक्स नाही. वर्तमानपत्राला कुणीही एक शब्द सांगायचा नाही. सांगलीकरांनी तिचा सत्कार करायचा नाही, फूलसुद्धा नाही. आणि तिच्या विषयावर मी कुठल्याही व्यासपीठावर तोंड उघडणार नाही. बोलून वाटोळं केलं, आता गप्प राहून निस्तरायचं.

सगळं चर्चेशिवाय मंजूर. आमच्या समितीत हे प्रथमच.

२३ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी सुभेदार स्वतः रे.ला सांगलीला सोडून आले. म्हणाले, गाडीत कराडपर्यंत झोपली होती.

नंदा आलीय. शाळेत खेळाची शिक्षिका, आवाज त्याच मापाचा. पहिल्याच दिवशी छायाला झापलं, दोघी बॅकना झापलं, शेवटी सुभेदारांना म्हणाली, "सर, तुमी मधी उभं राहू नका, मला दिसत न्हाई." पोरी हसून हसून बेजार. आजचा सामना बरोबरीत. गोल खाल्ला नाही, बऱ्याच दिवसांनी.

निर्णय योग्य होता. तरी सांगलीला फोन करायला दोनदा हात गेला. केला नाही. ठरलंय ते ठरलंय.

२ डिसेंबर, मंगळवार

रे. चार दिवस सांगलीच्या सरावाला नाही. घरी निघून गेलीय. सुभेदारांना तिथून फोन आला, त्यांनी मला केला.

दुपारी तिच्या वडिलांचा. "आवं मॅडम, पोरगी घरला आलीया. गावात जो तो इचारतोय, साताऱ्यानं का सोडली. एक म्हनतोय गुडघा गेला, एक म्हनतोय काय तरी भानगड केली आसंल. पेपरात बी आलंय. मी काय सांगू?"

पेपर काढून पाहिला. चार ओळी: साताऱ्याने रेश्माला सोडले, कारण गुलदस्त्यात.

गुलदस्त्यात मी ठेवलं. आम्ही कुणी कारण सांगितलं नाही, म्हणून गावाने आपलं आपण बनवलं. आणि एका मुलीबद्दल गाव जी कारणं बनवतं, ती मला ठाऊक नव्हती असं नाही. यावरच भाषणं केलीत मी. माझं बोलणं तिला जेवढं महाग पडलं, तेवढंच हे गप्प बसणंही.

रविवारी जाणार. एकटी.

७ डिसेंबर, रविवार. परत आल्यावर

म्हसवडपर्यंत एस.टी., पुढे तिच्या वडिलांच्या मोटरसायकलवर. वाडीत शिरताना देवळापुढे खुर्च्या मांडलेल्या, माईक चालू. सरपंच पुढे आले. "मॅडम, येवढ्या लांबनं आलाय, दोन शब्द बोला. गाव जमतंय." जमतच होतं. खरं सांगायचं तर पाय तिकडे वळले होते. गावाच्या तोंडावर सगळ्या अफवा एका दमात झोडपून काढता आल्या असत्या. आणि तिला पुन्हा एकदा त्या मांडवात मधोमध बसावं लागलं असतं. म्हटलं, "सरपंच, आज मी हिच्या आईकडे आलेय. तुम्हाला ऐकायचं असेल तर घरी या."

चौघं आले, सरपंचही. दारात बसले.

आई मटकी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी चांगली हुती, तर दिली कशाला?"

सरळ सांगितलं. बाकीच्या पोरी हिला चेंडू देत नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं होतं, कारण मी गावोगाव सांगत फिरले की ही एकटीच संघ आहे. हिचा गुडघा शाबूत आहे. हिने काहीही वावगं केलं नाही. चूक माझी.

आईने सूप खाली ठेवलं. "म्हंजी चूक तुमची."

"हो."

"आन् धाडली आमची."

सुपातला एक खडा वेचून तिने बाजूला टाकला.

"मग तुमीच का न्हाई गेला सांगलीला?"

"आगं, काय बोलतीस," नवरा म्हणाला. दारातले सरपंच खोकले. आणि रेश्मा हसली, तोंडावर हात घेऊन, खांदे हलेपर्यंत. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, हे तिथे कळलं. सभांमध्ये तीस वर्षं लोकांचे प्रश्न घेतले. अडकवायला आलेले वकील घेतले, प्राध्यापक घेतले. असं कुणी पकडलं नव्हतं.

मग तिला म्हटलं, "गावाच्या बोलण्याने आलीस ना?"

"न्हाई." बोटं मोडत राहिली. "तिथली कप्तान ओरडली. सगळ्यांच्या म्होरं. म्हणाली, मागं यायला पालखी धाडू का तुला."

"चेंडू गेल्यावर बचावाला मागे आली नव्हतीस?"

"न्हाई. साताऱ्यात कोण मागं ये म्हणतच नव्हतं."

आई सूप उचलत म्हणाली, "मग बराबर बोलली ती."

रेश्माने आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मी उठले. जा म्हणाले नाही, थांब म्हणाले नाही. अजून जीभ आवरून धरलीय.

एस.टी.त समितीचा राजीनामा लिहिला. दोन ओळी. कारण म्हणून आधी 'प्रकृती' लिहिलं, ते खोडून खरं लिहिलं. वर्तमानपत्रालाही तेच पाठवणार, माझ्या सहीने, तिचं नाव एकदाच येईल असं. बापूसाहेब नको म्हणतील. म्हणू देत.

सुभेदारांना विचारलं, सांगलीवाले तिची जागा किती दिवस धरतील? "मंगळवार सकाळपर्यंत. मग दुसरी नोंदवतील."

मंगळवारी सहाला मैदानावर उभं राहायचं तर तिने उद्या दुपारची गाडी धरली पाहिजे. तिच्या वडिलांना निघताना गाडीचं विचारलं होतं. म्हणाले, "दुपारची व्हय? कवा येती, कवा न्हाई."