कापसातली हजेरी

प्रिय वानखडे सर,

वारलेल्या माणसाकडून खुलासा मागता येत नाही, हे मला कळतं. पण सोमवारी मला तुमच्याविषयी लेखी अहवाल द्यायचा आहे, आणि त्याआधी तुमच्याशी भांडून घ्यायचंय. तुमची तक्रार मीच केली आहे.

जूनमध्ये तुमच्या जागी कोलामांच्या या वस्तीवर, पोडावरच्या शाळेत आले, तेव्हापासून ऐकतेय, सर असे होते, सर तसे होते. एवढं कौतुक कानावर आलं की पाणी कुठंतरी मुरतंय, असंच वाटतं मला. दिवाळीनंतर सगळ्या आया आसपासच्या शेतांत कापूस वेचायला गेल्या, मोठ्या मुलीही त्यांच्यामागे. वर्गात उरली चार चिल्लीपिल्ली. मी बाकीच्यांची गैरहजेरी मांडली. सहज तुमचा मागच्या वर्षीचा हजेरीपट उघडला, तर याच दिवसांत सगळ्या हजर! मुली कापसात आणि कागदावर शाळेत? मी लगेच केंद्रप्रमुखांना फोन केला.

तुम्हाला मी एकदाच पाहिलं होतं, यवतमाळच्या प्रशिक्षणात. शेवटच्या बाकावर चक्क झोपला होतात. कामचुकार दिसतोय, असं मी शेजारणीला म्हणालेही होते.

मग मी पोडावर चौकशी केली. प्रत्येक आईचं उत्तर एकच, सर कापसात येत होते. सगळ्यांचं उत्तर एकच असलं की ते पढवलेलं असतं, एवढं मलाही समजतं. म्हणून काल स्वतः शेतात गेले आणि चौथीतल्या मैनासमोर पुस्तक धरलं. तिनं घडाघडा वाचलं! कुठं शिकलीस, विचारलं. तर म्हणे, शाळा सुटली की सर सायकलनं यायचे, धुऱ्याच्या बांधावर उभं राहून हजेरी घ्यायचे, मुली ओळीतूनच ‘हजर’ म्हणायच्या. वेचता वेचता पाढे, नंतर झाडाखाली बसून पाट्या.

तरी विचारतेच, सर. हजेरीपटावर ‘शेतात’ असा एक शब्द का नाही लिहिलात? कुणाला भ्यालात? की शाळेचा पट भरलेला दिसावा म्हणून? माझा हा संशय अजून गेलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून तो गिळणारही नाही. एक ओळ लिहून ठेवली असतीत, तर मी अशी तोंडघशी पडले नसते.

मैनाला तेराचा पाढा विचारला, तिनं म्हटला. चौदाचा विचारला, तर अडली.

“चवदाचा यंदा घेऊ म्हनलं होतं सरनं,” ती म्हणाली. “तुमी त आल्याच नाई, मॅडम.”

रागानं नाही बोलली. बोंडातला कापूस काढत बोलली. माझा हजेरीपट अगदी खरा आहे, सर. त्यात मैनाच्या नावापुढं रोज गैरहजर लिहिलंय, आणि गैरहजर होते मी. फार लाज वाटली. मला तिथं उभं राहवेना.

अहवालात पाहिलं ते सगळं लिहीन. ती हजेरी शाळेतली नव्हती, हेही लिहीन आणि तुम्ही शिकवलंत, हेही. सोमवारपासून शाळा सुटली की मी शेतात जाईन. हजेरीपटात त्यासाठी रकाना नाही. तो मी पेनानं आखीन आणि खाली माझी सही करीन.

तुमच्यावर संशय घेणारी,
सुनीता