हातभर खाली घेतलेला आरसा

रविवार, संध्याकाळ

घोर अन्याय! घरातल्या नव्या ड्रेसिंग रूममध्ये मला, साक्षात गृहस्वामीला, एकच खुंटी मिळाली. बाकी तिन्ही भिंती सुनंदाच्या साड्यांना. मी खोलीला 'नेपथ्यशाळा' असं भारदस्त नाव सुचवलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, "नाव तुमचं, कपाटं माझी. सरी?" हिचं 'ठीक?' नेहमी असं कानडीतून येतं.

खोली मात्र सुरेख होतेय. पिवळसर मंद दिवे, चिकपेटेच्या कापडबाजारातून आणलेला मोतिया पडदा, शिसवी चौकटीचा आरसा. तो आरसा तिने आज सुताराकडून हातभर खाली घेववला. मी म्हटलं, "हा कोणासाठी, मांजरासाठी?"

"माझ्यासाठी. आता राणीसारखी बसून निऱ्या घालणार मी."

बसून निऱ्या? इतकी वर्षं बघतोय, उभ्यानेच घालते. सुतार गेल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा पडद्याची घडी घालता घालता म्हणाली, "अहो, उभी राहिले की स्वल्प गरगरतं. दिवाळीपासून."

दिवाळीपासून! आणि मी समजत होतो, हिला आता साडीपेक्षा ड्रेस आवडू लागलेत. वर चेष्टा केली, कॉलेजात नाव घाल म्हणून. आरसा इतका खाली का, तर माझी बुद्धी मांजरापर्यंतच पोचली.

उद्या डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. ती म्हणते, रक्त कमी असेल, दुसरं काय! असेलही. पण तिच्या आईचं असंच गरगरण्यापासून सुरू झालं होतं, आणि वर्षभरात त्या अंथरुणाला खिळल्या. हे तिलाही आठवत असणार, म्हणूनच बोलली नाही. मला भीती वाटतेय.