माझा खुबा आणि हार्वी टेव्स

१२ जानेवारी, गुरुवार. बाहेर उणे एकतीस.
आज बर्फावर दुखापत झाली. खेळाडूची दुखापत. तारीख नोंदवून ठेवतो.
क्लबाच्या हिवाळी स्पर्धेतला नेहमीचा सामना. तिसरा डाव, कप्तान या नात्याने शेवटचा दगड माझा. खाली बसलो, उजव्या पायाने रेटा दिला आणि दगडामागे सरपटत निघालो. डावा गुडघा छातीशी, उजवा पाय मागे लांब. बावीस वर्षं कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत नेऊन वर्तुळात थांबवायचा खेळ, असंच खेळतोय. अर्ध्या वाटेत डाव्या जांघेत कुणी विळा फिरवल्यासारखी कळ आली. दगड मात्र नेमका जागी गेला. आमच्या संघातला ग्लेन म्हणतो, नाही गेला. ग्लेनला लांबचं दिसत नाही.
ओरडलास का, असं व्हर्नाने घरी येताना विचारलं. बायको असली तरी ती संघात आहे, तेव्हा सांगितलं की मी तुम्हाला सूचना देत होतो. 'आई गं' ही कुठली सूचना, म्हणाली.

१३ जानेवारी
इंटरनेटवर खूप वाचलं. खुबा, मांडी आणि कंबर यांच्या दुखापती फुटबॉलपटूंना होतात, धावपटूंना होतात, हॉकीच्या गोलकीपरांना तर हमखास. मी कुठल्या पंक्तीत बसलोय ते व्हर्नाला सांगितलं. त्या वेळी ती माझ्या डाव्या पायात मोजा चढवत होती, कारण मला वाकता येत नाही. "पाय वर घे, गोलकीपर," म्हणाली.

१७ जानेवारी
फिजिओथेरपिस्टकडे गेलो. ब्रिएन नाव. माझे बूट तिच्याहून वयाने मोठे असतील. तिने पाय सगळीकडे वळवून पाहिला. मग विचारते, रोज किती तास बसता? मी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला आहे, नऊ तास बसतो. दुखण्याला खेळापेक्षा ते बसणंच जास्त कारण आहे, म्हणे. माझे कुल्ले झोपलेत, म्हणे! अठ्ठावन्न वर्षांत असं मला कुणी बोललं नव्हतं.
सहा आठवडे बर्फ बंद. खुब्याचा एक्स-रे काढायचा. मुलगी विनिपेगची आहे. शहरातल्यांना खेळातलं काय कळणार?
निर्धार: तीन आठवड्यांत परत.

१९ जानेवारी
माझ्या जागी हार्वी टेव्सला घेतलं. मला न विचारता. (व्हर्ना म्हणते विचारलं होतं आणि मी 'हं' म्हणालो. मी पेपर वाचत होतो.)
हा हार्वी गेल्या उन्हाळ्यात स्टाइनबाखहून इथे राहायला आला. विमा विकायचा, आता निवृत्त. बायको वारलेली. चौसष्ट वर्षांचा आहे आणि खुबा नवा, धातूचा. त्याचं दुखणंही माझ्याहून वरचढ! फोनवर एक्स-रे दाखवत फिरतो. ग्लेनची बायको बर्निस, जी कुणाच्या अध्यात नसते, तिने टाक्यांची खूण बघायची आहे असं म्हणावं?
सामना ९-२ ने जिंकले. आम्ही कधी नऊ केले नव्हते. समोरच्या संघाला फ्लू झालेला असणार.
व्हर्ना हसत घरी आली. विमानतळाच्या तपासणीत हार्वीचा खुबा वाजतो, तेव्हा तो म्हणतो, "माफ करा, आतला माणूस जुनाच आहे." हा विनोद तिने मला दोनदा सांगितला. हसलो नाही. हसलं की जांघेत दुखतं.

२६ जानेवारी
ब्रिएनने व्यायाम दिलाय. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे, ढुंगण उचलायचं. दिवसाला दहा वेळा. दहाने दहाच वेळांइतकं बरं वाटणार. साठ केले. सहापट लवकर बरा होईन.

२७ जानेवारी
कंबरेत उसण भरली आहे. स्वयंपाकघरातल्या जमिनीवरून ही नोंद लिहितोय. व्हर्ना कामावर. कुत्रा माझं तोंड चाटून गेला, पुन्हा आला, पुन्हा चाटून गेला.
दुपारी बर्निस उसनी बरणी परत करायला आली आणि तिने उठवलं. गावभर झालंच असेल.

२ फेब्रुवारी
क्लबात काचेमागे बसून सामना पाहिला. फक्त निरीक्षण म्हणून.
हार्वीला कप्तानगिरी येत नाही. प्रत्येक दगडाआधी विचारतो, "व्हर्ना, तुला काय वाटतं?" दर वेळी! कप्तान विचारतो का कधी? बावीस वर्षांत मी कुणाला एका अक्षराने विचारलं नाही. ती काही सांगते आणि हा तसंच करतो. स्वतःचं डोकंच नाही.
७-३ ने जिंकले. अंतिम सामन्यात पोचले. पोचलो.
व्हर्नाने केस कापून घेतलेत. आजच का, असं मी विचारलं. केस कापून नऊ दिवस झाले, म्हणाली.

११ फेब्रुवारी
हार्वी घरी आला होता. हातात घरी केलेलं सॉसेज आणि बगलेत संडासावर बसवायची उंच बैठक. त्याच्या ऑपरेशनच्या वेळची. वाकावं लागत नाही, खुब्यावर ताण येत नाही, तुला उपयोगी पडेल, म्हणाला. बायकोसमोर! व्हर्नाने तर त्याला कॉफी दिली, वर माझ्या खुर्चीत बसवलं.
सॉसेज बरं होतं. बैठक तळघरात नेऊन ठेवली.

१४ फेब्रुवारी
बैठक वर आणली. उत्तम आहे. हे त्याला कळता कामा नये.
आज प्रेमदिन, म्हणून व्हर्नाला फुलं दिली. "इतक्या वर्षांनी? बरं आहे ना तुला?" असं विचारून तिने माझ्या कपाळाला हात लावला.

१८ फेब्रुवारी, शनिवार
योजना अशी होती. अंतिम सामना पुढच्या शनिवारी. आज सकाळी आठला क्लब रिकामा असतो. किल्ली माझ्याकडे आहे. एकट्याने दहा दगड टाकायचे, पाय ठीक आहे याची खात्री करायची आणि संध्याकाळी हार्वीला सांगायचं, तुझे आभार, आता बाजूला हो.
पहिला दगड घेतला. बसलो. रेटा दिला. सरपटणं झकास झालं. थांबल्यावर लक्षात आलं की उठता येत नाही. डावा पाय दुमडलेला तो दुमडलेलाच, कंबर धरलेली, मांडी थरथरतेय. कुशीवर पडलो. फोन कोटात, कोट खुंटीवर. बर्फावर वीस मिनिटं पडलं की माणसाला आपलं वय कळतं.
दार वाजलं. कोण यावं! हार्वी. सरावाला आला असेल, असं वाटलं.
हार्वी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने आपला कोट माझ्याखाली सरकवला आणि शेजारी चक्क बर्फावर बसला. "घाई करू नकोस. आधी श्वास घे. मी असाच पडलो होतो, आमच्या मागच्या पायरीवर. दोन तास. घरात हाक मारायला कुणी नव्हतं."
मग म्हणाला, "तुझ्या पायात मोजे चढवून द्यावे लागतात हे व्हर्नाने सांगितलं तेव्हा सगळे हसले. मला नाही हसू आलं, ऑरेस्ट."
त्याला माझा हेवा वाटतो, हे मला तिथेच कळलं. वाटणारच. बावीस वर्षं कप्तान आहे मी.
व्हर्नाला सांगू नकोस म्हणालो. तो म्हणाला, तिनेच पाठवलं. घरातल्या खुंटीवर क्लबाची किल्ली दिसली नाही म्हणून तिने त्याला फोन केला होता.

२१ फेब्रुवारी
एक्स-रे आला. खुब्यातली गादी झिजून गेलीये. ऑपरेशन करावं लागेल, अकरा महिने थांबा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मलाही धातूचा मिळणार! बर्निसला सांगितलं. "अरेरे," म्हणाली आणि ग्लेनला हाक मारायला निघून गेली. खूण बघण्याचं काही बोलली नाही.

२५ फेब्रुवारी
अंतिम सामना. मी काचेमागे, कुबडी घेऊन. सगळा क्लब भरला होता.
शेवटच्या दगडापर्यंत बरोबरी. दगड हार्वीचा. खरं लिहितो, कारण इथे कुणी वाचणार नाही: चुकू दे, असं मी मनात म्हटलं. दोनदा म्हटलं.
पलीकडच्या टोकाला व्हर्ना उभी. तिने नेम दाखवायचा झाडू हातभर डावीकडे धरला. चूक! मी काचेवर कुबडी आपटून ओरडलो, उजवीकडे! कुणाला ऐकू गेलं नाही. हार्वीने तिच्या झाडूवरच दगड सोडला. व्हर्ना किंचाळली, "घासा! घासा!" ग्लेन आणि बर्निस दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ झाडूंनी जीव खाऊन घासत सुटले. दगड वळत वळत आला आणि वर्तुळाच्या मधोमध थांबला. जिंकले.
शेजारचे लोक सांगतात की मी आनंदाने ओरडलो. ओरडलो असेन.
उजवीकडूनही आला असता.

२६ फेब्रुवारी
काल क्लबातल्या जेवणानंतर काय झालं ते लिहायचं राहिलं.
पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, संपल्यावर हार्वी उठून म्हणाला की तो सप्टेंबरमध्ये लेथब्रिजला मुलीकडे राहायला चाललाय. सगळे हळहळले. मला कॉफी गोड लागली. मग ग्लेनने विचारलं, पुढच्या मोसमात कप्तान कोण?
मी कॉफी खाली ठेवली. गळपट्टा नीट केला. दोन शब्द मनात जुळवले: नाही म्हणायचं, मग आग्रह झाला की हो. कुबडीवर जोर दिला, पहिल्यांदा नाही जमलं, दुसऱ्यांदा टेबल धरून उठायला लागलो. एवढ्यात हार्वी म्हणाला, "कप्तान तर आहेच की! सगळे नेम महिनाभर व्हर्नाच सांगतेय." बर्निस म्हणाली, व्हर्ना. ग्लेन म्हणाला, व्हर्ना. मागच्या टेबलांवरूनही व्हर्ना, व्हर्ना सुरू झालं. मी सरळ उभा राहिलो तेव्हा टाळ्या चालू होत्या.
अख्ख्या हॉलमध्ये उभा मी एकटाच. मला बघून बाकीचेही उठले.
व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीत तिने आधी माझा पट्टा लावून दिला. मग म्हणाली, "सगळ्यांच्या आधी तू उठलास. एवढं दुखत असताना. बावीस वर्षांत मला वाटलं नव्हतं तू माझ्यासाठी असं करशील."
मी 'हं' म्हणालो.
आज सकाळी तिने माझ्या पायात मोजे चढवले, वर गालाचा मुका घेतला.
ही वही उद्या कोठारावर नेऊन ठेवतो. कुलपात.