खुंट्या की सरस

शुक्रवार, १४ जून

प्रिय बाई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मुंगी मान धरायला लागली हे वाचून मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलो. समोरचा शिंपी म्हणाला, "आईवर गेली म्हणून. बापावर गेली असती तर मान खालीच राहिली असती." तो खोटं बोलत नव्हता.

इकडे सगळं ठीक आहे. दोन्ही वेळा जेवतो. खिडकीतलं रोप तुझ्या धाकाने जिवंत आहे. शाळेत तुझ्या जागी आलेल्या बाई भेटल्या होत्या, वर्ग त्यांचं ऐकत नाही म्हणत होत्या. तुला बरं वाटेल म्हणून लिहितो. आणि माझ्या शुद्धलेखनावर लाल पेन चालवू नकोस, निदान या पत्रात.

पाळण्याचं विचारलंस. चौकट, कठडे, चौदा गज, सगळं तयार आहे. जोडायचं तेवढं राहिलंय. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, "सरस लावून पक्का करू नकोस, खुंट्यांवर बसव. म्हणजे सुटा करून माळ्यावर टाकता येईल, पुढच्या वेळी कामाला येईल." तेव्हापासून तीन आठवडे ते भाग दुकानात भिंतीला टेकून आहेत. मी नुसते घासत बसतो. शिंपी म्हणाला, "आणखी घासलंस तर दातकोरणी होतील."

बाई, गेल्या रविवारी मी तुझ्याकडे आलो होतो तो तुला एक गोष्ट सांगायला. मुंगी मांडीवर होती, तुझी आई आत-बाहेर करत होती, आणि मी दोन तास लाकडाबद्दल बोललो. तू विचारलंसही, "आज फार गोड बोलतोयस, काय लपवतोयस?" मी हसण्यावारी नेलं. फोनवरही तू "बोल" म्हणालीस की मी पाळण्यावर घसरतो. म्हणून हे पत्र. बसून वाच. मुंगीला आईकडे दे.

सिझेरियन करून मुंगी झाली त्या दुपारी तिला बाहेर आणून दाखवलं, आणि दहाच मिनिटांत आत पळापळ सुरू झाली. रक्त फार गेलं, बाटल्या चढवल्या, एवढं तुला सांगितलंय. ते खरं, पण अर्धंच. रक्त थांबतच नव्हतं. औषधं झाली, टाके झाले. मग डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "गर्भपिशवी काढावी लागेल, आत्ताच. वेळ घालवला तर त्या हाती लागणार नाहीत."

मी विचारलं, "ती वाचेल ना?"

"म्हणूनच काढतोय."

मी सही केली. बारा वर्षं लाकडावर सरळ रेघ मारणारा हात माझा, पण त्या कागदावरची सही माझी मलाच ओळखू येणार नाही.

गर्भपिशवी काढली, बाई. आपल्याला आता दुसरं मूल होणार नाही. तुझी पाळी थांबलीय ती अंगावर पाजतेस म्हणून नाही. "तेवढीच सुट्टी मिळाली," असं तू गमतीने लिहिलं होतंस. ते वाचलं आणि त्या दिवशी मी दुकान बंद करून घरी आलो.

डॉक्टरीणबाई तुला सांगणार होत्या. माझी आक्का म्हणाली, "ओली बाळंतीण आहे, आत्ता नको." मी आक्कावर ढकलत नाही, मलाही तेच हवं होतं. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "मीच सांगतो." टाके काढायला आलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सांगितलंत ना?" मी धडधडीत हो म्हणालो. येत्या गुरुवारी तुझी तपासणी आहे. तुला माहीत आहे असं समजूनच त्या बोलतील. तिथे, त्या पडद्यामागे, दुसऱ्याच्या तोंडून तुला हे कळू नये. या भीतीने तरी माझ्या हातून हे लिहून होतंय.

त्या सहीची मी माफी मागत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करीन. तू बेशुद्ध होतीस, तुझ्यासाठी कुणीतरी ठरवायला हवं होतं. पण तू शुद्धीवर आलीस आणि त्यानंतरही तीन महिने मीच ठरवत राहिलो, तुला काय कळावं आणि काय नाही. शरीर तुझं, आणि तुझ्याशिवाय आम्हा सगळ्यांना माहीत. याची मला लाज वाटते. रडायचा हक्कसुद्धा तुला मी दिला नाही, आणि मी मात्र इथे रंध्याच्या आवाजात रडून घेतलं.

काल सरसाचा डबा उघडला होता. म्हटलं, जोडून टाकू पक्का, आता कशाला हव्यात खुंट्या. ब्रश बुडवला आणि थांबलो. पुन्हा तेच करत होतो.

बुधवारी सकाळच्या गाडीने येतोय. पाळण्याचे भाग सुटेच आणतो. खुंट्या आणतो आणि सरसही आणतो. तू सांगशील तसा तुझ्यासमोर जोडीन. काहीच सांगावंसं वाटलं नाही तर भाग भिंतीला टेकवून ठेवीन आणि बाहेर पायरीवर बसेन. गुरुवारी तुझ्याबरोबर यायचं की नाही, तेही तूच सांग.

मुंगीला पापा.

तुला न विचारता ज्याने तुला वाचवलं, आणि न विचारताच फसवलंही, तो तुझा

सुतार