बाबांच्या गाडीचा नवा डिस्ट्रिब्यूटर

५ मार्च

चि. टकळीस,
अ. उ. आ.

फोनवर बोलले तर बाबा ऐकतील, म्हणून लिहिते. ते जुनी गाडी विकायची म्हणतायत. तुला सांगतील की सुटे भाग मिळत नाहीत. थाप आहे. त्यांचा उजवा हात थरथरतो गं. इंजिनाला ठिणगी पुरवतो तो डिस्ट्रिब्यूटर, त्यातल्या पॉइंट्सच्या पत्र्यांमधली बारीक फट पूर्वी बोलता बोलता लावायचे. परवा स्क्रू तीनदा आत पडला आणि हे बॉनेट आपटून घरात आले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, आता दुसऱ्या मेकॅनिककडे जाईल होय? डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात. मला फार भीती वाटते. रविवारी, सोळा तारखेला, गिऱ्हाईक येणार आहे. काहीतरी कर, पण माझं नाव घेऊ नकोस.

तुझी आई

८ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात नवा डिस्ट्रिब्यूटर आहे. यात पॉइंट्सच नाहीत, त्यामुळे फट लावायची भानगड नाही. इंजिनाच्या कुठल्या वेगाला ठिणगी किती आधी पडावी, ते मी लॅपटॉपवरून आत भरलंय. आमच्या कंपनीला जुन्या गाडीवर चाचणी हवी आहे, आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा तुमच्यासारखा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. तोवर गाडी विकू नका. पुलीवरची खूण जुळवा, हा बसवा, हिरवा दिवा लागेपर्यंत फिरवा, बोल्ट आवळा. मग हात लावायचा नाही. आवाज ऐकून कानाने तर मुळीच जुळवायचं नाही.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची टकळी

१३ मार्च

चि. टकळीस,
अ. आ.

तुझं यंत्र नापास. बसवायला सोपं, हे कबूल. दिवाही लागला. पण इंजिन मला मंद वाटलं, म्हणून बोल्ट सैल करून ते कानानेच जरासं पुढे फिरवलं, एवढंच. तर चढावर डब्यात खडे घातल्यासारखी गाडी खडखडली. रविवारी ती देऊन मोकळा होतो.

बाबा

१८ मार्च

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आत लिहितोय. शनिवारी आई तुझं पत्र घेऊन गाडीपाशी उभी राहिली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. कानाची ओळ तिने दोनदा वाचली. मी यंत्र परत हिरव्या दिव्यावर आणलं. गाडीने चढ न कुरकुरता काढला. मानलं तुला. रविवारी गिऱ्हाइकाची माफी मागून त्याला परत पाठवलं.

कंपनीची चाचणी वगैरे थाप आहे, हे मला खोकं उघडतानाच कळलं होतं. हाताची लाज वाटत होती मला. गाडी गेली की तो कुणाला दिसणार नाही, असं वाटलं. काल डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला चालायला, लिहायला लावून सगळं तपासलं. म्हणाले, ही मोठ्या आजाराची थरथर नाही, गोळीने बरीच कमी होईल.

बाहेर येऊन गाडीत बसलो आणि मला रडूच फुटलं. किती दिवस छातीवर धोंडा घेऊन हिंडत होतो, ते तेव्हा कळलं. आईने मला पलीकडे सरकायला सांगितलं. तिला गाडी येते, पण या गाडीच्या स्टीअरिंगला आजवर मी तिला हात लावू दिला नव्हता. किल्ली फिरवताच सुरू झाली. घरापर्यंत तिनेच आणली.

गिअर वाजवले तिने, दोनदा. खोट काढायची सोडून मी खिडकीबाहेर बघत होतो.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझे बाबा